दोन तारांचा पीळ

काथ्याचा दोर वळताना ज्याने पाहिला आहे, त्याला पिळाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. सुटा काथ्या दोन बोटांत धरून तोडता येतो. परंतु तोच हातावर वळून दुसऱ्या पदराशी पिळला, म्हणजे त्याचा दोर होडी बांधून ठेवतो आणि विहिरीतून भरली घागर ओढून काढतो. आपल्या किनाऱ्यावरील माणसाला ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. दोरातील पीळ बळासाठी असतो. पण तांब्याच्या दोन बारीक तारा एकमेकींभोवती पिळल्या, तर त्यातून बळ नव्हे, शांतता निर्माण होते. आपल्या घरातील संगणक राऊटरला जोडण्यासाठी आपण बाजारातून जी केबल विकत आणतो, तिच्या पोटात असलाच पीळ असतो आणि तो नसेल तर तिचा काही उपयोग होत नाही.

या पिळाचे पेटंट १८८१ साली ज्यांनी घेतले, त्यांचे नाव शाळेतील प्रत्येक मुलाला पाठ असते. परंतु ते निराळ्या कारणाने. दूरध्वनीचे जनक म्हणून प्रसिद्ध असलेले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हेच ते पुरुष होत. त्यांनी जन्माला घातलेले यंत्र इतके बदलले आहे की, आजचा भ्रमणध्वनी त्यांना ओळखूही आला नसता. त्यांचा तारांचा पीळ मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली तरी जसाच्या तसा आपल्या मेजाखाली काम करीत आहे. म्हणून त्यांचे चरित्र दूरध्वनीपाशी न थांबता या पिळापर्यंत वाचले पाहिजे.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो या नगरीत झाला. त्यांचे घराणे वाणीच्या उपासकांचे होते. आजोबा शुद्ध उच्चार व वक्तृत्व शिकवीत. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनी तोच व्यवसाय पुढे चालविला. ओठ, जीभ आणि कंठ यांची स्थिती चिन्हांनी दाखविणारी एक लिपी त्यांनी तयार केली होती. ती लिपी जाणणारा मनुष्य न ऐकलेल्या भाषेतील शब्दही चिन्हे पाहून अचूक उच्चारू शकत असे. अशा या घरात, दैवयोग असा की, आईचे ऐकणे हळूहळू क्षीण होत गेले. एलिझा बेल या उत्तम पियानो वाजवीत व चित्रेही काढीत. इतर लोक त्यांच्याशी बोलताना कानाला लावावयाच्या नळीत मोठ्याने ओरडत. पण लहान अलेक आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन अगदी हलक्या, खोल आवाजात बोले. आणि ते बोलणे हाडांतून जाणाऱ्या कंपनांमुळे तिला समजे. आवाज वाढविल्याने ऐकू येतेच असे नाही, तो योग्य वाटेने पोहोचला पाहिजे, हा धडा या मुलाने कोणत्याही प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी आईजवळ घेतला.

मुलगा अभ्यासात फारसा चमकला नाही, पण हाताने काही तरी घडविण्याची ओढ त्याला उपजत होती. एका मित्राच्या वडिलांची पिठाची चक्की होती. तेथे गव्हाचा कोंडा काढण्यास फार वेळ लागतो असे पाहून, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याने फिरत्या पंख्यांना ब्रश जोडून कोंडा काढण्याचे एक साधन तयार केले. पुढे वडिलांच्या प्रोत्साहनाने त्याने व थोरल्या भावाने मिळून माणसासारखा उच्चार करणारे एक यंत्रही बनविले. भात्यातील हवा त्याच्या कृत्रिम कंठातून सोडली आणि ओठ हलविले, म्हणजे ते लहान मुलाप्रमाणे आईला हाक मारी.

या सुखी घरावर लवकरच आघात झाले. धाकटा भाऊ एडवर्ड १८६७ साली क्षयाने गेला. १८७० साली थोरला मेलव्हिलही त्याच रोगाने गेला. उरलेल्या एका मुलाची प्रकृतीही नाजूक होती. त्याला तरी वाचवावे, या एकाच विचाराने आईवडिलांनी जमलेला व्यवसाय सोडला व त्याच वर्षी अटलांटिक महासागर ओलांडून कॅनडातील ब्रँटफर्ड गावाजवळ घर केले. तेथील मोकळ्या हवेत अलेक्झांडर सुधारला. १८७१ साली तो बॉस्टन शहरी गेला आणि वडिलांच्या लिपीच्या साहाय्याने कर्णबधिर मुलांना बोलावयास शिकवू लागला. १८७३ साली बॉस्टन विद्यापीठात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. आयुष्याच्या अखेरीपर्यंत बेल स्वतःला प्रथम कर्णबधिरांचे शिक्षक समजत आणि संशोधक त्यानंतर.

बॉस्टनमधील त्यांच्या विद्यार्थ्यांत मेबल हबर्ड नावाची एक मुलगी होती. पाचव्या वर्षी स्कार्लेट ज्वराने तिची श्रवणशक्ती गेली होती. पण ओठांच्या हालचाली पाहून ती समोरच्याचे बोलणे जाणीत असे. तिचे वडील गार्डिनर हबर्ड व दुसऱ्या एका विद्यार्थ्याचे वडील टॉमस सँडर्स यांनी बेल यांच्या प्रयोगांसाठी पैसा पुरविला. त्या काळी तारायंत्राचा धंदा तेजीत होता. एका तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश पाठविण्याची युक्ती ज्याला साधेल, तो गबर होईल अशी स्थिती होती. बेल यांचे प्रयोग प्रथम त्यासाठीच चालले होते. परंतु त्यांच्या मनाने निराळाच ध्यास घेतला होता. ठरावीक टिपके आणि रेघा पाठविण्याऐवजी माणसाचा स्वर, त्याच्या सर्व चढउतारांसह, तारेवरून का पाठवू नये?

टॉमस वॉटसन हा कुशल कारागीर त्यांना साहाय्यक म्हणून लाभला. २ जून १८७५ रोजी वॉटसन एका खोलीत यंत्राची पोलादी पट्टी मोकळी करीत असता, दुसऱ्या खोलीत बेल यांना त्या पट्टीचा झंकार ऐकू आला. एवढ्याशा नादावरून पुढची वाट त्यांनी ओळखली. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्याच दिवशी एलिशा ग्रे या दुसऱ्या संशोधकानेही आपल्या कल्पनेची नोंद केली. ७ मार्चला पेटंट बेल यांना मिळाले आणि १० मार्च रोजी, शेजारच्या खोलीत असलेल्या वॉटसनला आपल्या धन्याची हाक यंत्रातून स्पष्ट ऐकू आली व तो धावत आला. त्या वर्षीच्या जून महिन्यात फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ब्राझीलचे बादशहा डॉम पेद्रो व पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धी पावलेले सर विल्यम टॉमसन यांनी हे यंत्र कानाला लावून पाहिले, तेव्हा त्याची कीर्ती सर्वत्र झाली. ११ जुलै १८७७ रोजी बेल यांचा मेबलशी विवाह झाला. नव्या कंपनीतील आपल्या भागांपैकी केवळ दहा स्वतःकडे ठेवून बाकी सर्व त्यांनी पत्नीला भेट दिले. जिला दूरध्वनीवरील एकही शब्द कधी ऐकू येणार नव्हता, तीच त्या दूरध्वनीच्या संपत्तीची स्वामिनी झाली.

कीर्तीबरोबर कज्जेही आले. पेटंटवरून सुमारे सहाशे दावे लढले गेले व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८८ साली निर्णय बेल यांच्या बाजूने दिला. तथापि दूरध्वनीचे श्रेय एकट्या बेल यांचे आहे असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. जर्मनीत फिलिप राइस, इटलीहून अमेरिकेत आलेले अंतोनियो मेउची व स्वतः एलिशा ग्रे हे याच वाटेवर होते. मेउची यांच्या कार्याचा गौरव करणारा ठराव अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २००२ साली केला. मोठे शोध बहुधा असेच लागतात.

यंत्र तर बोलू लागले. पण तारा गावभर पसरू लागल्या, तसतसे एक नवे संकट उभे राहिले. आरंभी दूरध्वनीसाठी एकच तार वापरीत. वीज त्या तारेने जाई आणि जमिनीतून परत येई. तारायंत्रासाठी ही रीत पुरेशी होती, कारण त्याला केवळ जोरदार ठोके पोहोचवावयाचे असत. दूरध्वनीतील प्रवाह मात्र अत्यंत नाजूक. शेजारच्या खांबावरून तारायंत्राची तार जात असली, की तिच्यातील प्रत्येक ठोक्याबरोबर दूरध्वनीत खडखडाट होई. शेजारच्या दूरध्वनीवरील संभाषणही अस्पष्ट ऐकू येई. तारा एकमेकींना कोठेही टेकलेल्या नसत, तरी हे घडे. याचे कारण विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तन. एका तारेतील प्रवाह बदलला, म्हणजे तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि ते बदलते क्षेत्र जवळच्या दुसऱ्या तारेत थोडासा प्रवाह उत्पन्न करते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेल्या ज्या तत्त्वावर दूरध्वनी बोलत होता, तेच तत्त्व त्याच्या कानात गोंगाटही ओतीत होते.

साध्या माणसाने म्हटले असते, की बोलणाऱ्याने आवाज चढवावा किंवा प्रवाह जोरदार करावा. पण शेजाऱ्यानेही तेच केले म्हणजे गोंगाट दुप्पट! बेल यांनी प्रश्न उलट बाजूने सोडविला. त्यांनी जमिनीवर भरवसा न ठेवता जाण्यासाठी एक व येण्यासाठी एक अशा दोन तारा घेतल्या आणि त्या एकमेकींभोवती पिळल्या. या रचनेचे पेटंट त्यांना १९ जुलै १८८१ रोजी मिळाले.

पिळाने काय साधते, हे तराजूच्या उदाहरणाने ध्यानात येईल. तराजूच्या एका पारड्यात वजन ठेवले तर काटा झुकतो. पण पाऊस पडून दोन्ही पारड्यांत सारखेच पाणी साचले, तर काट्याला त्याची वार्ताही नसते. दोन तारांच्या टोकाला लावलेले यंत्र या काट्यासारखे असते. ते दोन्ही तारांतील फरक तेवढा जाणते. आपला संदेश एका तारेने जातो व दुसरीने परत येतो, म्हणून तो फरकाच्या रूपाने कळतो. बाहेरचा उपद्रव मात्र दोन्ही तारांवर एकाच दिशेने पडतो. तारा नुसत्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर उपद्रवाच्या बाजूची तार अधिक व दूरची कमी गोंगाट घेईल आणि तेवढा फरक उरेल. पण त्या पिळल्या, म्हणजे क्षणापूर्वी जवळ असलेली तार पुढच्याच वेढ्यात दूर जाते आणि दूरची जवळ येते. दोघींच्या वाट्याला उपद्रव समान येतो व टोकाला तो स्वतःच स्वतःला पुसून टाकतो. एवढेच नव्हे, तर अशी जोडी आपला उपद्रवही शेजाऱ्याला फारसा देत नाही. या युक्तीला लागते काय? एक तार जास्त, आणि थोडा पीळ.

१८८१ सालचा तो उन्हाळा बेल यांच्या आयुष्यात फार कठीण गेला. २ जुलै रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या आगगाडी स्थानकात गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरात राहिली आणि ती नेमकी कोठे आहे, हे कोणालाच कळेना. क्ष-किरणांचा शोध लागावयास अजून चौदा वर्षे होती. तारांतील गोंगाट घालविण्याच्या प्रयोगांत बेल यांना एक गोष्ट आढळली होती. वेटोळ्यांची समतोल जुळणी केली की दूरध्वनी मुका होतो. पण जवळ धातूचा तुकडा आणताच तो समतोल ढळून पुन्हा नाद ऐकू येतो. शरीरातील गोळी या नादाने सापडू शकेल, असे त्यांना वाटले. रात्रंदिवस खपून त्यांनी उपकरण तयार केले आणि २६ जुलै व १ ऑगस्ट या दोन दिवशी ते अध्यक्षांच्या शय्येपाशी चालवून पाहिले. दोन्ही वेळा ठाम उत्तर मिळाले नाही. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय गोळी उजव्या बाजूस आहे असा प्रमुख डॉक्टरांचा आग्रह असल्यामुळे शोध त्याच बाजूस घ्यावा लागला. १९ सप्टेंबरला गारफील्ड मृत्यू पावले. शवपरीक्षेत गोळी डाव्या बाजूस निघाली आणि जखमेत वारंवार घातलेल्या अस्वच्छ बोटांनी व सळ्यांनी झालेला विषारही प्राणघातक ठरला होता, असे पुढे दिसून आले.

मधल्या काळात, १५ ऑगस्ट रोजी, बेल दांपत्याला मुलगा झाला. तो दिवस भरण्यापूर्वीच जन्मला होता. श्वास घेण्याचे त्राण त्याच्या अंगी नव्हते आणि त्याच दिवशी तो गेला. दुःखी पित्याने हातावर हात ठेवून बसण्याऐवजी, छातीभोवती हवेचा दाब कमी-अधिक करून श्वासोच्छ्वास चालविणारे एक धातूचे जाकीट तयार केले. स्वतःच्या बाळासाठी त्याला उशीर झाला होता. पण पुढे अनेकांना वाचविणाऱ्या श्वसनयंत्रांची पूर्वचिन्हे त्यात दिसतात. गोळी शोधण्याचे साधनही वाया गेले नाही. क्ष-किरण येईपर्यंत शस्त्रवैद्यांना ते उपयोगी पडले. एकाच उन्हाळ्यात एक पेटंट, दोन अपयशे आणि एक पुत्रशोक. त्यांतील पेटंटाकडे त्या वेळी कोणाचे फारसे लक्षही गेले नसावे.

पुढच्याच वर्षी, १८८२ साली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली आणि बेल यांचे यंत्र आपल्या देशात आले. त्याआधी १८८० साली फ्रेंच सरकारने त्यांना पन्नास हजार फ्रँकचे व्होल्टा पारितोषिक दिले होते. ती रक्कम त्यांनी चैनीत न उडविता प्रयोगशाळेसाठी व कर्णबधिरांच्या शिक्षणासाठी लावली. त्याच वर्षी समनर टेंटर यांच्यासह त्यांनी प्रकाशाच्या झोतावरून माणसाचा आवाज दोनशे मीटरहून अधिक अंतरावर पाठवून दाखविला. आपल्या सर्व शोधांत हा शोध त्यांना थोर वाटे. ढग आला वा पाऊस पडला की तो प्रकाश अडे, म्हणून त्या काळी तो मागे पडला. आज काचेच्या तंतूतून तोच प्रकाश, कोणत्याही ढगाची भीती न बाळगता, गावोगाव संदेश नेतो.

बेल यांच्या चरित्राला एक दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. कर्णबधिरांनी हाताच्या खुणांची भाषा सोडून ओठ वाचावयास व तोंडाने बोलावयास शिकावे, असा त्यांचा ठाम आग्रह होता. १८८३ साली वाचलेल्या एका प्रबंधात त्यांनी कर्णबधिरांच्या परस्परांतील विवाहांविरुद्ध, त्यांच्या निवासी शाळांविरुद्ध व त्या शाळांतील कर्णबधिर शिक्षकांविरुद्ध मत मांडले. त्यांचा हेतू प्रेमाचा होता, यात शंका नाही. आई आणि पत्नी दोघीही ऐकू न येणाऱ्या. परंतु मेबल या पाच वर्षे ऐकून, बोलावयास शिकून मग बधिर झाल्या होत्या. जन्मतः बधिर असलेल्या मुलाची अडचण त्याहून फार वेगळी असते. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनेही खुणांच्या भाषेविरुद्ध ठराव केला होता. या मताच्या प्रभावाने कित्येक शाळांतून त्या भाषेला बंदी झाली आणि मुलांचे हात अडविले गेले. ही खरीखुरी, व्याकरण असलेली भाषा आहे, हे पुढील शतकात भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आणि मिलानचे ते ठराव २०१० साली व्हँकूव्हर येथील परिषदेने अधिकृतपणे नाकारले. तारेतील गोंगाट आणि बोलणे यांतील भेद ज्यांना इतका सूक्ष्मपणे कळला, त्यांना हातांनी केलेले बोलणे हेही बोलणेच आहे, हे कळले नाही. कर्णबधिर समाज आजही त्यांचे नाव घेताना हे विसरत नाही.

याच बेल यांनी एका मुलीचे आयुष्य उजळले, हेही तितकेच खरे. अंध व बधिर झालेल्या लहान हेलन केलरला तिचे वडील त्यांच्याकडे घेऊन आले, तेव्हा त्यांनी बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेकडे त्यांना पाठविले. तेथून १८८७ साली अ‍ॅन सलिव्हन ही शिक्षिका हेलनला लाभली, आणि तिने तळहातावर बोटांनी अक्षरे लिहीत तिला भाषा दिली. हेलन केलर यांनी १९०३ साली प्रसिद्ध झालेले आपले आत्मचरित्र बेल यांना अर्पण केले आहे.

उत्तरायुष्यात बेल कॅनडातील नोव्हा स्कोशा प्रांती बॅडेक येथे रमले. पतंग, विमाने, पाण्यावर उचलून धावणाऱ्या नौका असे किती तरी उद्योग त्यांनी केले. त्यांच्या मंडळींनी बांधलेले विमान २३ फेब्रुवारी १९०९ रोजी तेथील गोठलेल्या सरोवरावरून उडाले. स्वतःच्या अभ्यासिकेत मात्र ते दूरध्वनी ठेवीत नसत, कारण त्याची घंटी कामात व्यत्यय आणी! २ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. दोन दिवसांनी त्यांचे दफन होत असता उत्तर अमेरिकेतील दूरध्वनी एक मिनिट बंद ठेवण्यात आले. मेबल त्यानंतर जेमतेम पाच महिने जगल्या.

त्यांच्या नावावरून ध्वनी व विद्युत्‌संकेत यांची तीव्रता मोजण्याच्या एककास बेल हे नाव मिळाले. व्यवहारात त्याचा दहावा भाग, म्हणजे डेसिबेल, वापरतात. तारांच्या एका जोडीतून दुसरीत किती गोंगाट झिरपतो, हेही डेसिबेलमध्येच मोजतात. संगणक परस्परांना जोडण्यासाठी १९७०च्या दशकात जाड, एकाक्ष केबल वापरीत. १९९० साली दूरध्वनीसारख्या पिळलेल्या जोड्यांवरून संगणकांचे जाळे चालविण्याचे प्रमाण ठरले, आणि बेल यांचा पीळ घरोघर पोहोचला.

जुन्या जांभ्या दगडाच्या जाड भिंती बिनतारी लहरींना सहजासहजी पलीकडे जाऊ देत नाहीत. अशा घरांत राऊटर ओसरीवर व संगणक आतल्या खोलीत असला, की तार ओढणेच श्रेयस्कर ठरते. ती विकत घेताना बेल यांचे तत्त्व ध्यानात ठेवले, तर फसगत होत नाही. केबलीच्या आवरणाखाली आठ तारा असतात. नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी अशा चार, आणि प्रत्येकीची पांढरट पट्ट्याची जोडीदारीण. चारही जोड्यांचा पीळ सारखा नसतो. प्रत्येकीचे वेढे कमी-अधिक घट्ट ठेवतात, म्हणजे शेजारच्या जोड्यांतही संभाषण झिरपत नाही. आवरणावर केबलीचा वर्ग छापलेला असतो. कॅट-५ ई या वर्गाची केबल शंभर मीटरपर्यंत सेकंदाला एक अब्ज बिट, म्हणजे एक गिगाबिट, नेते, आणि बहुतेक घरांना तेवढे पुरते. कॅट-६ मध्ये जोड्या अधिक काटेकोरपणे पिळलेल्या असतात. भिंतीत कायमची बसवावयाची असेल तर थोडे अधिक पैसे देऊन ती घेणे शहाणपणाचे. दहा गिगाबिटचा वेग शंभर मीटरपर्यंत हवा असेल तरच कॅट-६ ए ची गरज. त्यापुढचे मोठमोठे आकडे पाहून भुलू नये. राऊटर व इंटरनेटची जोडणी यांच्या वेगापेक्षा केबल अधिक वेग देऊ शकत नाही.

तार शुद्ध तांब्याची असावी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते. पण तिचा रोध अधिक असतो, ती लवकर तुटते आणि प्रमाणित वर्गात ती बसत नाही. भिंतीतून न्यावयाची केबल एकसंध तारेची घ्यावी. मेजापाशी हलविली जाणारी बारीक तंतूंची, लवचीक घ्यावी. विजेच्या तारांना लागून लांबवर ती नेऊ नये. पावसात उघड्यावरून न्यावी लागली तर बाहेरच्या वापरासाठी केलेले आवरण असावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टोकाला जोडणी बसविताना पीळ जेवढ्यास तेवढाच, सुमारे तेरा मिलिमीटरच्या आतच, उलगडावा. आणि जोडी फुटू देऊ नये. पहिली व दुसरी, चौथी व पाचवी, सातवी व आठवी या जागा शेजारशेजारच्या आहेत. पण तिसरीची जोडीदार सहावी आहे. रंग ओळीने घालीत गेले, तर दोन वेगळ्या जोड्यांतील तारा एकमेकींच्या सोबती ठरतात. तपासण्याच्या साध्या यंत्रावर सर्व दिवे ओळीने लागतात, विजेची वाट कोठेही तुटलेली नसते, तरी संदेश अडखळत जातात. कारण जिच्याशी पीळ होता ती तार आता जोडीला नसते. त्याचप्रमाणे गिगाबिटच्या ठिकाणी वेग बरोबर शंभर मेगाबिटवर येऊन थांबला, तर एखादी जोडी तुटली असावी असे समजावे. कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात.

विद्यार्थिमित्रांनो, बेल यांच्या आयुष्यातून पराक्रम आणि प्रसिद्धी यांचे धडे घेणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या या लहानशा पेटंटातून निराळा बोध होतो. आपले म्हणणे पोहोचत नसेल, तर आवाज चढविणे हा उपाय बहुधा खरा नसतो. मध्ये कोणता गोंगाट आहे, तो कोठून येतो, हे शोधून तो समान वाटून घेतला की हलका शब्दही दूरवर जातो. बेल यांनी हे तारांच्या बाबतीत जाणले आणि आईच्या कपाळापाशी लहानपणीच जाणले होते. कर्णबधिरांच्या हातांपाशी मात्र ते विसरले. एवढ्या मोठ्या माणसाचेही ऐकावयाचे राहून जाते, तर आपण अधिक सावध असावयास नको काय? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसासाठी वापरतो. बेल यांच्या हट्टाचा जो पीळ होता, तो काळाने उलगडला. आणि त्यांच्या तारांचा जो पीळ होता, तो तेवढा राहिला.